ओल पिणारा ग्लू

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या प्लायवूड कारखान्यात तेवीस वर्षं ड्रायर मी सांभाळतोय. लाकडाचा सोललेला पातळ पापुद्रा, म्हणजे विनिअर, गालाला लावला की त्यात ओल किती ते मला कळतं. ओल राहिली तर गरम प्रेसमध्ये तिची वाफ होते आणि प्लाय फुगून फुटतो. हे मी कितीतरी नव्या माणसांना ओरडून शिकवलंय.

त्यामुळे केमिस्ट आरती मॅडमनी ओल्या विनिअरलाच चिकटणारा ग्लू आणला तेव्हा माझं डोकं फिरलं. तो चालला तर ड्रायर बंद, आणि ड्रायर बंद पडल्यावर या सहादेवला कोण विचारतो? मालकांनी ओल्या विनिअरचे दोन नमुने करायला सांगितले. राग होताच, पण एवढी हुशार पोरगी सगळ्यांसमोर तोंडावर पडणार म्हणून जीवही हळहळला. एका नमुन्याचे पापुद्रे मी गुपचूप ड्रायरमधून दोनदा काढून कडकडीत केले. एक तरी टिकेल, तिची लाज राहील, असं वाटलं.

दोन्ही नमुने ग्लू लावून थंड प्रेसमध्ये दाबले, मग तीन दिवस उकळत्या पाण्यात ठेवले. चौथ्या दिवशी जोड उकलून बघायला मॅडमनी पटाशी माझ्याच हातात दिली.

पहिला नमुना टोक लावताच सुटला. झालं, म्हटलं मनात. मग कोपऱ्यावरची पेन्सिलीची खूण दिसली. ओळखायला म्हणून ती मीच केली होती. हा वाळवलेला नमुना होता.

दुसऱ्यात पटाशी शिरेना. हातोडी मारली तेव्हा लाकूडच फाटलं, तंतू उपटून आले, जोड मात्र जागचा हलला नाही. जिला मी जन्मभर हाकललं, त्या ओलीनंच लाकूड असं धरून ठेवलं होतं. मी कितीतरी वेळ त्या जोडावरून बोट फिरवत राहिलो.

मग वाळवल्याचं कबूल केलं. मॅडम रागावल्या नाहीत. हा ग्लू पाणी पिऊनच घट्ट होतो, म्हणाल्या, दाबताना पाणी कमी पडलं तर सुटतो, जास्त झालं तर फेसाळतो.

त्यांनी एक नवा पापुद्रा पुढे केला. "काका, हा पुरेसा ओला आहे का, तुम्हीच सांगा."

मी तो गालाला लावला, डोळे मिटले.

"न्हाई मॅडम. आजून जरा ओला पायजे."

तेवीस वर्षांत हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.