कुणाला विचारलं

"हळूकाका, यादीत सतरावी जागा रिकामी आहे ना? मग ती तार उपटा सरळ. कुणी ओरडलं तर कळेलच कुणाची ते," साहेब फोनवर म्हणाले.

"आणि ज्याला ओरडता येत नाही, त्याचं काय करू?" काकांनी विचारलं आणि फोन खिशात टाकला. सतराव्या तारेचा दिवा लुकलुकत होता.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरची सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा स्विच भिंतीतल्या कपाटात कण्हत होता. आतला पंखा बदलायला तो अर्धा तास बंद ठेवणं आलं. एवढ्याशा कामाला काका अख्खी सकाळ लावत. प्रत्येक तारेच्या टोकापर्यंत चालत जायचं, तिथल्या माणसाचा होकार घ्यायचा आणि कागदावर 'कुणाला विचारलं' या रकान्यात लिहायचं. त्यावरूनच 'हळूकाका' हे नाव पडलं होतं.

सतरावी तार निघाली कोपऱ्यातल्या खोलीत. कालच तिथे एका आजोबांना हलवलं होतं. त्यांच्या हृदयाचे ठोके या तारेतून सिस्टरच्या टेबलावर दिसत. यादीत लिहायचं तेवढं राहिलं होतं.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक स्विच न विचारता बंद केला होता. वॉर्डातली एकही बेल वाजेना. मोठ्या सिस्टर बावीस मिनिटं या खाटेवरून त्या खाटेकडे पळत राहिल्या. नोकरी गेल्यातच जमा होती, पण बाईंनी तक्रार केली नाही. फूटपट्टी सापडेना, तर एक्स-रेच्या पाकिटाच्या कडेने रकाने आखून कागद हातात दिला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी येऊन विचारा, म्हणजे झालं." ते उपकार काका विसरले नव्हते.

ड्युटीवरच्या सिस्टरला खाटेपाशी उभं करून त्यांनी आजोबांची तार खालच्या मजल्याच्या स्विचला जोडली. मग तिला टेबलापाशी नेलं.

"आता टेबलावर ठोके दिसतायत?"

"दिसतायत."

"नीट बघून हो म्हणा."

"हो म्हटलं ना काका, हो!"

मग कुठे त्यांनी स्विच बंद केला. पंखा निम्मा बसला असेल नसेल, तोच टेबलावरचा गजर वाजला. सिस्टर धावली, मागून डॉक्टर. काका हातातला स्क्रू घट्ट धरून उभे राहिले.

"सावरले आजोबा," बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर येऊन म्हणाली. "वेळेवर कळलं."

स्विच सुरू झाल्यावर काम संपल्याचं सांगायला काका खोलीत गेले, तर आजोबांच्या उशाशी बसलेल्या आजींनी विचारलं, "मघाशी तारेशी खुडबुड चालली होती तुमची. काही बिघडलं होतं का हो?"

"नाही आजी, काहीच नाही."

"त्या सिस्टरमुळे वाचले हो आमचे हे."

"खरंय," काका म्हणाले आणि कपाटाकडे परतले.

तिथेच टेकून ते कागद भरू लागले. मोठ्या सिस्टर वारल्याला तीन वर्षं झाली होती. साहेबांनी कॉम्प्युटरवर सरळ रेघांचा तक्ता करून दिला होता, पण काका बाईंच्याच कागदाची झेरॉक्स वापरत. 'कुणाला विचारलं' या शेवटच्या रकान्याची रेघ खाली येता येता तिरकी झाली होती. सतराव्या ओळीत जागा जेमतेम उरली होती, म्हणून त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: सिस्टर.