संजीवनीच्या चौदा कॅसेटी

अध्यक्ष, तुम्ही एका पोरीच्या गळ्याला घाबरलात आणि ती भीती देवीच्या पदराआड लपवलीत. गावकीचे अध्यक्ष पडलात, म्हणून तोंडावर कुणी बोललं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाची तीस उंबऱ्यांची वाडी, २००४चा शिमगा, समोर होम, आणि तुमच्या हातात संजीवनीची पिशवी. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांना मुळापासून सांगायला हवं.

चिमाबाईची संजीवनी महाडच्या बाजारात मुरारीशेटच्या दुकानात कॅसेटी भरायला होती. लोक गाण्यांची यादी आणायचे, ही ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. भरताना समोर बसून ऐकावंच लागतं, नाहीतर बाजू कधी संपली कळत नाही. एमआयडीसीतला एक केमिस्ट आपल्या सीड्या घेऊन यायचा. मेटल नावाच्या दणदणाटी गाण्यांच्या. नॉर्वे, फिनलंड, हॉलंड असल्या थंड मुलखातले बँड, आणि गाणाऱ्या सगळ्या बायका. पहिल्याच गाण्याला मुरारीशेट कानावर हात ठेवून चहाला पळाला. संजीवनी बसून राहिली.

गिटारी अशा, की डंपरनं खडी ओतावी. आणि त्या धुरळ्यातून एका बाईचा आवाज सरळ वर चढायचा, टकमक टोकावर उभा राहायचा, आणि तिथून तीच बाई खाली अशी डरकाळी फोडायची की दुकानाचं शटर थरथरे. एक गाणं बावीस मिनिटांचं. साठच्या कॅसेटच्या बाजूवर उरलेल्या जागेत मावेना. केमिस्ट म्हणाला, "तोडा मधेच."

"तोडू काय? बाळंतीण अर्ध्यात उठवतात काय?" म्हणत तिनं नव्वदची कॅसेट काढली.

मुरारीशेटला विचारून तिनं स्वतःसाठीही एकेक भरून घेतली. चौदा झाल्या. शब्दांचा अर्थ कळत नव्हता; तो केमिस्टलाही कळत नव्हता, पण तो शर्टात पेन लावायचा. सुट्टीच्या दिवशी ती गुरं घेऊन माळावर जायची आणि तिथं ओरडून ओरडून ती गाणी गळ्यात बसवायची. गावच्या खालूबाजाच्या ताफ्यातला धोंडू ढोलवाला एकदा बांधावर बसून ऐकत राहिला.

"सात ठोकं हायत गो यात. सातवा तू गिळलास."

"मग वाजव ना तू, धोंडूकाका."

त्यानं मांडीवर वाजवून दाखवला. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी झाली: शिमग्याला पालखीपुढं, धोंडूच्या ढोलावर, एक गाणं म्हणायचं. आपल्या नावानं.

मग भागोजीची म्हैस आटली. म्हैस म्हातारी होती, हे म्हशीसकट सगळ्यांना ठाऊक होतं. पण गावकी बसली आणि ठरलं, की ती संजीवनीच्या ओरडण्यानं आटली, पोरीला बाहेरचं लागलंय, ते त्या कॅसेटींतून आलंय, कॅसेटी होमात टाकायच्या आणि पोरीचं महाड बंद. रीत म्हणून तेवढा देवीचा कौल घ्यायचा.

सकाळी देवळात सगळे जमले. हरिबा गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. त्यानं विचारायचं होतं, "कॅसेटी जाळू काय?" पण पन्नास वर्षांत घुमणारी बाई पुढं उभी केली की त्यानं एकच गाऱ्हाणं घातलेलं. सवयीनं तेच तोंडातून गेलं:

"आई, हिच्या अंगात तूच हायस काय?"

उजवी पाकळी टपकन पडली. उजवा कौल, म्हणजे हो.

तुम्ही पुटपुटलात, "आरं हरिबा, ह्ये नव्हतं इचारायचं!"

"आता काय करू? एकदा दिलेला कौल फिरून लावता येत नाय. तुमीच नियम केलाव."

दुसरा नियमही तुमचाच: देवी अंगात असलेल्या बाईला मधे कुणी अडवायचं नाही. पालखी बाहेर निघाली, संजीवनीला पुढं उभी केली, आणि धोंडूनं डोळा मिचकावून सातातला ठेका धरला. ती गायली. अकरा मिनिटं. वर चढली, टोकाला थांबली, खाली येऊन अशी गर्जली की कुत्री घरात शिरली. सातवा ठोका गिळला नाही. आणि अध्यक्ष, सगळ्यांत आधी धोतर सावरत लोटांगण तुम्ही घातलंत.

गाणं संपलं. चंद्रभागा आत्या तिच्या पायांवर पडली. "आये, माज्या पोराला मुंबैत खोली गावंल काय गो?"

चिमाबाई लेकीला डोळ्यांनी सांगत होती: हो म्हण. नुसतं हो म्हण. कॅसेटी वाचतील, महाड वाचेल, दर शिमग्याला लुगडं-नारळ येईल. संजीवनीलाही ते दिसत होतं. एवढं एक 'हो', की जन्मभर ओरडायला मोकळी. फक्त ओरडणार दुसरीच कुणी.

तिनं आत्याला दंडाला धरून उठवलं.

"मला काय ठाव, आत्या? देवी-बिवी काय नाय आली. मी संजीवनी. गाणं म्हणत होते. महिनाभर घासलंय मी ते."

"कौल खोटा म्हणतेस?" हरिबा दचकला.

"कौलाचं तुमी बघा. मी गाण्याचं सांगते."

तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कपाळाची माती तशीच, आणि शब्द मात्र, "नाटकी! गावाला पाया पाडलंन!" तुम्ही कॅसेटींची पिशवी उचललीत आणि पेटलेल्या होमाकडं निघालात. झळ लागून वरच्या कॅसेटीचं कव्हर वाकू लागलं. चिमाबाई रडायला लागली. धोंडूनं ढोल जमिनीवर ठेवला.

संजीवनी आडवी आली. हात जोडले नाहीत, पिशवी ओढलीही नाही.

"टाका. पण आधी सांगा. गळा माझा, गाणं माझं, अकरा मिनिटं तुमी मातीत नाक घासत होतात. तवा तुमी पाया कुणाच्या पडत होतात? ह्या माणसांसमोर सांगा, अध्यक्षकाका. कुणाच्या?"