स्फटिकाला दाखवलेलं ऊन

लोकांचे नवरे मोबाईलमध्ये फोटो ठेवून जातात. माझ्या देवेशनं माझ्यासाठी जे काही ठेवलं, ते एका स्फटिकात. लिथियम नायोबेटचा, तांबूस, खडीसाखरेच्या खड्याएवढा. खोपोलीजवळच्या प्रयोगशाळेत त्याचं कामच ते होतं: लेझरच्या दोन किरणांनी अशा स्फटिकांच्या पोटात चित्रं, मजकूर उतरवायचा.

"तुझ्यासाठी एक पान ठेवलंय आत," तो म्हणाला होता. "अजून कच्चं आहे, उजेडानं पुसलं जाईल. भट्टीत तापवून पक्कं करतो, मग दाखवतो. तोवर अंधारात ठेव."

मला चिडवायची त्याला हौस दांडगी. आत काय आहे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच आठवड्यात शिळफाट्याजवळ ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली.

स्फटिक मी काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवला, डबा कपाटात. प्रयोगशाळेतला लेझर बिघडला होता. देवेशचा सहकारी साईनाथ म्हणाला, दुरुस्त झाला की बोलावतो. सगळा पावसाळा मी त्या बोलावण्यावर काढला. दहिवलीच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. दोघी एकाच माणसासाठी झुरत होतो, पण एकमेकींसमोर रडायची चोरी. फार एकटं वाटलं की मी त्या पानात काय असेल याचा विचार करत बसायची.

साईनाथचा फोन आला तो नवरात्राच्या तोंडावर. कपाट उघडलं, तर डबा रिकामा. धावत गच्चीवर गेले. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं उन्हात टाकतात. गोधड्या, कडधान्यं, ट्रंकेतल्या साड्या. त्या पसाऱ्यात, देवेशच्या शर्टावर, स्फटिक चकाकत होता.

"त्याची वस्तू हाय गं," सासूबाई म्हणाल्या. "कपाटात कोंदटली असती. तू कामाला गेलीस का रोज ऊन दावते."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण त्यांनी तो खडा पदरानं पुसला आणि तान्हं पोर द्यावं तसा माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा काळ्या कागदात गुंडाळला. यात देवेशनं काहीतरी ठेवलंय, ते बघून येते, एवढंच त्यांना सांगितलं आणि थोडंफार उरलं असेल, अशी वेडी आशा धरून निघाले.

साईनाथनं देवेशच्याच मांडणीत स्फटिक बसवला. किरण सोडला, कोन तसूतसूनं बदलून पाहिला. पडद्यावर नुसता हिरवा उजेड.

"वहिनी, आतलं सगळं पुसलंय," तो म्हणाला. मला रडू आलं नाही, राग आला. देवेशचाच. मेल्या, तोंडानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

घरी परतले, तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दिसला का गं माझा देवेस?"

खरं सांगितलं असतं, तर आपल्या हातानं लेकाला पुसलं हे त्यांनी जन्मभर उराशी धरलं असतं.

"दिसला," मी म्हणाले. "हसत होता."

"उद्या मला बी ने ना."

"आता नाही दिसणार, आई. कच्चं होतं. एकदा बघितलं की पुसलं जातं."

"एकदाच दिसनार, हे तुला आधीच ठाव होतं?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"आन् तरी एकटीच गेलीस? मी आई नाय त्याची?"

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. खरं सांगितलं तर आत्ता बोलतील, गळ्यात पडून रडतीलही; पण मग माझ्यावरचा राग जन्मभर स्वतःवर काढतील. म्हणूनच मी सांगत नाही.