निर्जळी

"जेवणाला शनिवार कशाला काढला या मालूबाईनं? शनिवारी माझा उपास राहतो ना," योगिता माझ्या कानाशी पुटपुटली.

"कधीपासून?"

"आजपासून."

आमच्या कॉलनीत एकोपा मंडळ आहे. भेदभाव मोडायचा म्हणून दर महिन्याला एक बाई रांधते, बाकीच्या जेवतात. बोहरा भाभींचे समोसे झाले, सिंधी काकूंचं दालपकवान झालं, माझी वरण-बट्टी झाली. आता पाळी मालूबाईची. ती आमचे जिने झाडते, गटार काढते. तिचं नाव मीच सुचवलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

मालूबाईनं वार बदलला. रविवारी शेजारच्या सविताचा सूर्याचा उपास निघाला, सोमवारी कुणाचा महादेव, मंगळवारी गणपती. बुधवार मोकळा होता, तर सिंधी काकूंनी त्याचंही व्रत शोधून काढलं. बोहरा भाभींनी मला हळूच विचारलं, "हमें भी कोई एक बता दो ना."

"उपास तर उपास," मालूबाई म्हणाली. "मी फराळाचंच करते."

बुधवारी दुपारी ती हजर. कोरी पातेली, त्यात भगर, दाण्याची आमटी, बहादरपूरच्या केळ्यांची शिकरण. सोबत सून रश्मी. मालूबाई मला म्हणाली, "ही म्हणते, माझ्या हातचं इथं कोणी खाणार नाही. म्हटलं, चल, डोळ्यांनी पाहा."

ताटं वाढली. योगिता म्हणाली, "अगंबाई, माझा तर निर्जळी!"

पाच मिनिटांत चौदा बायका निर्जळी झाल्या. मीपण मान हलवली. फोटोपुरती ताटं मात्र सगळ्यांनी छान हातात धरली.

मग अध्यक्ष भागीरथीबाई समानतेवर बोलायला उठल्या. वैशाखाचं ऊन, घसा कोरडा. 'आपण सगळ्या एक' म्हणता म्हणता त्यांना ठसका लागला. मालूबाईनं पाण्याचा गिलास पुढं केला. भागीरथीबाईंचे डोळे पांढरे व्हायला आले, पण हात काही पुढं येईना. शेवटी त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि खाली बसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

रश्मी पातेल्यांवर झाकणं ठेवू लागली.

"थांब ना गं," मालूबाई तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "बाई, उद्या तर सुटेल ना सगळ्यांचा? सकाळी ताजं करून आणते."

तिनं ते इतक्या खऱ्या मनानं विचारलं, की मला पुढचा वार सांगवेना.

"उपास कोणाचाच नाही, मालूबाई," मी म्हटलं. "आम्हाला तुझी जात आडवी येते. मलासुद्धा."