एक दिवा, दोन लेबलं

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या तोंडातून एकाच दिव्यासाठी दुसरं लेबल बाहेर आलं.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. पार्सलवर चिकटवायची पत्त्याची लेबलं छापणं, एवढंच माझं काम. मला शाई लागत नाही. कागद तापवून मी अक्षरं उमटवतो. औषधांच्या एका गोदामात मी वर्षानुवर्षं राबलो, आणि झाकणाची कडी तुटल्यावर भंगारात निघालो. तिथून मला या घरातल्या धाकट्या सुनेने उचललं. कडीच्या जागी रबर लावलं आणि म्हणाली, "आमच्याकडेही सगळे जुनेच आहेत. जमेल तुझं."

या घरातले सासरे मुलांच्या उशाशी ठेवायचे लाकडी दिवे बनवतात. थोरली सून ते फोनवरून तीन ठिकाणी विकते: एक मोठा ऑनलाइन बाजार, एक हस्तकलेचं ऑनलाइन दुकान आणि घरची वेबसाइट. धाकटी दिवे खोक्यात भरते. माल एकच, दिसतो तिन्हीकडे. म्हणून त्यांनी एक रीत पाडली आहे. फळीवरचा शेवटचा नग उचलताना धाकटीने "शेवटचा!" असं ओरडायचं, आणि थोरलीने तो बाकीच्या ठिकाणांवरून तत्काळ काढून टाकायचा.

काल पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, "आमची धाकटी चिकटपट्टी अशी गुंडाळते, की खोकं उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचं मूल कॉलेजात जाईल." सगळे हसले. धाकटी हसली नाही. तेव्हापासून अबोला.

आज तिने चंद्राच्या आकाराचा शेवटचा दिवा उचलला, खोक्यात भरला, मी दिलेलं लेबल चिकटवलं आणि मान खाली घालून माझ्याजवळ पुटपुटली, "शेवटचा." मला ऐकू आलं. पलीकडच्या खोलीत थोरलीला आलं नाही. मला ओरडता येत नाही. थोड्या वेळाने मोठ्या बाजारातून त्याच दिव्याची ऑर्डर आली, आणि मी ती मुकाट्याने छापली.

थोरली धावत आली. "अगं, बोलली का नाहीस?"

"बोलले."

"कुणाशी? भिंतीशी?"

"प्रिंटरशी."

थोरलीला हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही. मोठ्या बाजाराने बजावलं आहे, आणखी एक ऑर्डर रद्द झाली तर दुकान बंद. निम्म्याहून जास्त दिवे तिथूनच जातात. आणि पहिलं लेबल घरच्या वेबसाइटवरचं. ती ऑर्डर देणाऱ्या आईने लिहिलं आहे, "लेक परवापासून पहिल्यांदाच वेगळ्या खोलीत झोपणार आहे. हा चंद्र मिळाला तरच, म्हणते."

सासऱ्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. "डाव्या हाताने करून बघू का एक?" त्यांनी विचारलं.

"गप्प बसा हो, बाबा!" दोघी एकदम म्हणाल्या. कालपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, झाकण हळू लावा, हे तर मी सांगेनच. पण खरी विनंती निराळी आहे. रुसा, खुशाल अबोला धरा. कामाचा शब्द मात्र यंत्राच्या कानात टाकून मोकळे होऊ नका. आम्हाला तो पुढे पोचवता येत नाही.

आता कुरियरवाला दारात उभा आहे. "ताई, किती पार्सलं आज?" तो विचारतो आहे. खोकं थोरलीच्या हातात आहे, तिचं नख पहिल्या लेबलाच्या कोपऱ्याखाली गेलं आहे. धाकटी तिच्या तोंडाकडे बघते आहे. दुसरं लेबल माझ्या तोंडात लटकतं आहे. ते अजून कुणी फाडून घेतलेलं नाही.