परीक्षेची दाढ

"नाय गो, कुठं दुखतंय! गार वाऱ्यानं गाल फुगतो माझा."

मी सातवीत असताना ऐकलेला आयेचा हा आवाज अजून कानात आहे. तेव्हा वैशाख चालू होता. गार वारा बहुधा आयेच्या गालापुरताच आमच्या उमरठ गावात शिरला असावा. एक हात गालावर, दुसरा चुलीतल्या लाकडावर. दाढेखाली लवंग, आणि लवंगेच्या मागून ओवी. पोलादपूरच्या बाजारात दात उपटणारा बसायचा. माझे वडील, बापू, आयेला म्हणाले, "चल, मोकळी हो." आये हलली नाही. मग मीच जाहीर केलं, "मी दातांची डॉक्टर होईन."

वाडीनं कौतुक केलं. म्हणजे पोट धरून हसली.

पुढं महाडला विज्ञान घेतलं. एसटीत उभ्यानं बेडकाची पचनसंस्था पाठ केली. सीईटी माझ्या बारावीच्याच वर्षी नवी उगवली होती. त्या परीक्षेतलं काहीच ठाऊक नसलेली सगळी मंडळी मला मार्गदर्शन करत होती. मुंबईच्या डेंटल कॉलेजात नंबर लागला, तर महाडच्या कॉलेजातले श्रीधर सर हळहळले, "एमबीबीएस हुकलं वाटतं? असो. दात तर दात." जणू बाजार उठल्यावर उरलेली भाजी घेऊन मी घरी निघाले होते.

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरल्या. एक घरी आणली. आयेनं ती उलटसुलट पाहून देवाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. "बरी हाय. दुखत तरी नाय."

"तुझं तोंड बघू, आये?"

"आधी पुरी शीक."

दर सुट्टीत हेच उत्तर.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा आली. दाढ काढायला पेशंट आपला आपण आणायचा. पेशंट नाही तर पास नाही. माझ्या ठरलेल्या पेशंटनं आठवडा आधीच दुसरीकडे दाढ काढून घेतली. दुखत होती म्हणे. लोकांना धीर म्हणून नसतो!

मी धावत गाव गाठलं. शेजारच्या गोदूबाईचा गाल टम्म सुजला होता. "माहेरी जाऊन आले, गाल भरणारच," ती म्हणाली.

सदूकाका कण्हत बसले होते. "वरची दाढ काढली की नजर जाते, पोरी."

"काका, तुमची खालची आहे."

"खालची काढली की कान जातो."

"कोण म्हणालं?"

"ज्याची काढली त्यालाच इचारलं. त्याला ऐकायलाच आलं नाय!"

संध्याकाळी मी पडवीत बसले. "चार वर्षं शिकले, आणि अख्ख्या वाडीत एक किडकी दाढ मिळेना. काय निरोगी गाव आहे! आता सहा महिन्यांनी परत परीक्षा."

आये चुलीपासून उठली. दारातल्या उजेडात माझ्यासमोर बसली आणि तिनं तोंड उघडलं. खालची दाढ, निम्मी झडलेली, काळीठिक्कर.

"ही कधीपासून?"

"तू सातवीत व्हतीस."

"नऊ वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या बापानं बाजारात नेऊन उपटली असती." तिनं पदरानं ओठ पुसले. "तू म्हणाली व्हतीस ना, डॉक्टर होईन. म्हणून तुझ्यासाठी राखली गो. लय दुखते. आता काढ."