काचेखाली राहिलेला कागद

मित्रांनो, भिलाईत पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात जुन्या सामानाचे एक गोदाम आहे. तिथे दोन बंद पडलेल्या फ्रीजच्या मधोमध मी उभी आहे. मी एक जुनी झेरॉक्स मशीन. माझे झाकण एका बाजूने सैल झाले आहे आणि कागद ओढताना मी खोकल्यासारखा आवाज करते. काच मात्र अजून स्वच्छ आहे. लोकांनी तिच्यावर जे जे ठेवले ते सगळे मी वाचले. बोलता मात्र आले नाही, आणि एका घरासाठी ते फार वाईट ठरले.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पहिली सहा वर्षे रायपूरच्या एका थंडगार कार्यालयात गेली. मग तिथे नवी मशीन आली आणि मला विकून टाकले. एका व्यापाऱ्याने मला पुसले, नवा रोलर बसवला आणि दुकानाच्या दाराशी उभे केले. तिथेच मला अमरदीप आणि आम्रपालीने पाहिले.

त्यांच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. तो बी.कॉम., ती बी.एस्सी., बी.एड. दुर्गच्या कॉलेजात त्यांची ओळख झाली होती. अमरदीपचे वडील आनंदराव भंडाऱ्याकडून येऊन भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये आयुष्यभर खपले, गावातल्याच कोहका वस्तीत दोन खोल्यांचे घर बांधले आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. घर त्यांच्या पत्नीच्या, भागीरथाबाईंच्या नावावर होते. मुलाने आणि सुनेने नोकरीसाठी किती परीक्षा दिल्या याला गणती नाही. आम्रपालीच्या बी.एड.चे कर्ज तेवढे वाढत राहिले. शेवटी दोघांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकायचे ठरवले आणि मला हप्त्यांवर घेतले. त्या घरात माझ्या काचेवर पहिल्यांदा पडले ते त्या दोघांचेच आधार कार्ड. माझ्याच कर्जासाठी.

सुरुवातीची दोन वर्षे चांगली गेली. मुलांचे फॉर्म, मार्कशीट, जातीचे दाखले, रेशन कार्ड. जयंतीची पत्रके अमरदीप फुकट काढून द्यायचा. आम्रपाली रोज सकाळी मऊ कापडाने माझी काच पुसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, आमची मशीन एकदम साफ कॉपी काढते. मित्रांनो, कौतुक यंत्रालाही कळते.

मग लोक मोबाईलवरच फॉर्म भरू लागले. माझ्यापुढची रांग तुटली. हप्ता मात्र पाच तारखेला यायचाच. तो भरायला अमरदीपने मोबाईलमधल्या एका ॲपवरून पैसे घेतले. ॲपवाल्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा आम्रपालीने बायकांच्या गटातून कर्ज काढले. गटाचा हप्ता आठवड्याला. तो चुकला की गटातल्या बाया दारात येऊन बसायच्या आणि पैसे मिळेपर्यंत उठायच्या नाहीत. दर वेळी तेच कागद माझ्या काचेवर यायचे. दोघांचे आधार, दोघांचे पॅन, विजेचे बिल. फोटोतले चेहरे तेच होते, पण ते कागद ठेवणारे हात आता घाई करत होते. काच पुसायचे आम्रपालीने कधी सोडले, ते तिलाही कळले नसेल.

अशात दौलतराव येऊ लागला. आनंदरावांच्या ओळखीचा, व्याजाने पैसे देणारा माणूस. बोलायला फार गोड. तो माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा आणि भिंतींकडे पाहत राहायचा. छताकडेही पाहायचा. मला त्याची भीती वाटू लागली.

नोव्हेंबरातली गोष्ट. आम्रपाली उतईला एका शाळेत मुलाखतीला गेली होती. अमरदीपने आईपुढे एक स्टँप पेपर ठेवला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यावर सही कर, असे त्याने सांगितले. भागीरथाबाईंनी चष्मा शोधला, तो सापडला नाही. तरी मुलगा सांगतो म्हणून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. तो कागद माझ्या काचेवर आला तेव्हा मी वाचला. पेन्शनचा त्यात एक शब्द नव्हता. अमरदीपने दौलतरावकडून घेतलेले कर्ज सहा महिन्यांत फिटले नाही तर घर दौलतरावचे होईल, असे लिहिले होते. मग घराचा पट्टा, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी कागद, काचेवर आला. अमरदीपने त्याच्या दोन प्रती काढल्या. एक प्रत आणि सहीचा कागद दौलतराव घेऊन गेला. दुसरी प्रत अमरदीपने खणात टाकली. मूळ पट्टा त्याच घाईत माझ्या झाकणाखाली राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीची मार्कशीट काढायला आम्रपालीने झाकण उचलले आणि सासूचा पट्टा तिच्या हाती आला. मुलीला तिची कॉपी देऊन तिने वाटेला लावले. मग तिने अमरदीपला आत बोलावले.

"हा कागद पेटीतून बाहेर कावून आला?" तिने विचारले.

दौलतरावला दाखवायचा विचार होता, पण अजून दिला नाही, असे तो म्हणाला. खणातली प्रत काढून त्याने तिच्यासमोर फाडली. "एवढीच होती. आता काई नाई," तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला. मी आतून गरम झाले, पण माझ्यातून नुसता कोरा कागद बाहेर आला.

त्या दिवशी आम्रपालीने सासूला सगळी कर्जे सांगितली. भागीरथाबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन विकून टाका. दुकान बंद करा. बाकीचं हळूहळू फेडू. तुह्या सासऱ्यानं उसने घेऊन कधी भाकर खाल्ली नाई." मला दुःख झाले, पण त्यांचे बरोबर होते. माझ्यापासूनच तर सुरुवात झाली होती.

चार दिवसांनी जुने सामान वाहून नेणारा गुड्डू मला न्यायला आपला टेम्पो घेऊन आला. मला दोरीने बांधत असतानाच दौलतरावची मोटारसायकल दारात थांबली. तो उतरला नाही. बसल्या जागेवरून त्याने भागीरथाबाईंना विचारले, "वहिनी, घर मजबूत बांधलं आनंदरावनं. मांगं आंगनाची जागा किती हाय?"

भागीरथाबाईंनी साधेपणाने सांगून टाकले. तो मान हलवून निघून गेला. परक्या माणसाला आमच्या अंगणाची मोजणी कशाला हवी, हे आम्रपालीला मात्र खटकले. मग ती टेम्पोजवळ आली. सासूसमोर ती नवऱ्याला नेहमी 'तुम्ही' म्हणायची.

"तू त्याले काय देलं?" तिने हळू आवाजात विचारले.

अमरदीपच्या हातातून दोरी सुटली. "आईची सही," तो म्हणाला. "पेन्शनचा कागद म्हणून घेतली. मले वाटलं, सहा महिन्यांत होऊन जाईन."

भागीरथाबाई दारातच होत्या. त्यांनी ऐकले. मुलाकडे त्यांनी पाहिलेही नाही. खाली बसल्या आणि नुसता उंबरठा हाताने चाचपत राहिल्या. आम्रपाली आत गेली, पट्टा पिशवीत घातला आणि सासूला उठवत म्हणाली, "चला आई, दुर्गला. वकिलाकडं. तुमाले काय सांगून सही घेतली ते सारं त्यायले सांगायचं." अमरदीप मागून यायला निघाला. तिने त्याला नाही म्हटले नाही. ये असेही म्हटले नाही.

तेवढ्यात टेम्पो सुटला.

गुड्डू अधूनमधून गोदामात माल टाकायला येतो. त्याच्याकडून मला पुढचे कळले. वकिलाने नोटीस पाठवली आहे, पण सही खरी आहे, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही म्हणे. आम्रपाली उतईच्या शाळेत शिकवते. अमरदीप प्लांटमध्ये ठेकेदाराकडे जातो आणि मिळालेला पगार पाकिटासकट तिच्या हातात देतो. भागीरथाबाई घर क्षणभरही रिकामे सोडत नाहीत. विहारातही जात नाहीत. सहा महिने व्हायला पंधरा दिवस उरले आहेत. आणि दौलतराव रोज संध्याकाळी समोरच्या पानठेल्यावर येतो, खुर्ची रस्त्याकडे फिरवतो आणि त्या घराकडे पाहत बसतो.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, पदव्या घ्याल, कधी अडचणीतही याल. तेव्हा घरच्या माणसांना खरे काय ते सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे सहीसाठी कागद ठेवाल, तेव्हा आधी त्यांचा चष्मा शोधून द्या.